टाकीत ऑइल होतं ना

२९ नोव्हेंबर २०११, वरठी

कोपर अजून वाकत नाही. तरी लिहिते आहे, नाही तर दिवसभर तेच डोळ्यांसमोर.

परवा आसगावहून येताना मोटरसायकलवरून पडलो. धानाची कापणी आटोपली म्हणून सासरी गेलो होतो. आमच्या लेकीला, मित्राला, ताप भरला; ती आजी-आजोबांकडे, मामाजी-आत्याबाईंजवळच राहिली. यांची सोमवारी सकाळची शिफ्ट, म्हणून आम्ही दोघंच निघालो. कोंढ्याच्या पुढे रस्ता सरळ आहे. गाडी नेहमीसारखी चालली होती. मग इंजिनचा आवाज एकदम जाड झाला, दबला, आणि मागचं चाक जागच्या जागी थांबलं. गाडी पुढे जातच होती, चाक फिरत नव्हतं. टायर घासल्याचा तो आवाज. किती लांब तसे घासत गेलो माहीत नाही. मी डांबरावर, हे गाडीखाली.

मागून धानाचा ट्रक येत होता. त्याचा बंपर मी खालून पाहिला. ड्रायव्हर उतरला आणि आमच्याकडे यायच्या आधी स्वतःच रस्त्यावर बसून गेला.

यांचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. मला कोपर आणि गुडघा, खरचटण्यावर निभावलं. राजदूत टेम्पोत टाकून आणली, आंगणात उभी आहे. किक खाली जात नाही. दगडावर पाय दिल्यासारखं.

मित्रा नेहमी टाकीवर बसते, यांच्या दोन हातांच्या मध्ये. ती नव्हती. पुढचं लिहवत नाही.

१ डिसेंबर

मी अंगणवाडीत कामावर गेली. पोरं खिचडी खाताना ताटल्या फरशीवर घासत होती. मी बाहेर जाऊन उभी राहिली. मदतनीसबाई म्हणाली, "मॅडम, घरी जा नं तुमी." गेली नाही. घरी ती गाडी आहे.

३ डिसेंबर

हे दिवसभर गाडीजवळ स्टूल टाकून बसतात. बोलत नाहीत. आज नंदू मिस्त्रीला बोलावलं, स्टेशनजवळ त्याचं गॅरेज आहे. त्यानं किकवर उभं राहून पाहिलं. प्लग काढून भोकातून टॉर्च मारली.

"पिस्टन चिकटला भाऊ. सीज झालं इंजिन. हे जुनं टू-स्ट्रोक, इच्यात पेट्रोलमधीच ऑइल टाका लागते. ते नसलं का पिस्टन कोरडा चालते, गरम होऊन फुगते, अन् ब्लॉकले, म्हंजे सिलिंडरले, धरून घेते. ऑइल टाकलं होतं ना?"

हे माझ्याकडे वळले. "वंदना, पंपावर मी ऑइल टाकलं होतं ना? तू तं बाजूलेच उभी होती."

उभी होती खरी. पण मी आत्याबाईंना फोन लावत होती, मित्राचा ताप उतरला का विचारायला. मी टाकीकडे पाहिलंच नाही.

यांचा चेहरा असा होता की माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. टाकलं होतं. मी पाह्यलं."

नंदू म्हणाला, "मंग दुसरंच काही असन. कबाडीले देऊन द्या भाऊ. पार्ट कोन ठेवते आता इचे."

"द्याची नाही. उघडून पाहाची आहे."

"मी छिन्नी-हातोडीनं काढून देतो. ब्लॉक फुटला तं मले बोलाचं नाही."

हे नको म्हणाले. नंदू गेल्यावर स्टूल पुन्हा तिथंच. मी विचारलं, काहून उघडायची आहे? म्हणाले, "काहून झालं ते पाहाचं आहे. ते पाह्यल्याबिगर मले झोप नाही येत."

४ डिसेंबर

कबाडी हा शब्द या घरात चालत नाही. मामाजींची गाडी ती. आसगावला शाळेत मास्तर असताना घेतलेली, आमच्या मोहल्ल्यातली पहिली मोटरसायकल. गावाच्या मधल्या रस्त्यानं निघाले की ओट्यावर बसलेले काही जण ऐकू जाईल असं बोलायचे. मामाजी तिथं हळू करायचे नाहीत आणि जोरातही जायचे नाहीत. हे लहानपणी टाकीवर बसलेले असायचे. यांना इथल्या स्टील प्लांटात नोकरी लागली तेव्हा मामाजींनी किल्ली दिली, काही न बोलता.

मला हे सगळं माहीत आहे. तरी आंगणातून जाताना मी भिंतीला लागून जाते.

५ डिसेंबर

"तू पाना धर, मी सांगतो."

म्हटलं, मला तिला हात लावायचा नाही.

"मंग मी एका हातानं करतो."

केलं. पाना सटकला, प्लास्टर टाकीवर आपटलं. तोंडाचा रंगच गेला. ओरडले नाहीत, नुसता श्वास कोंडून उभे राहिले. मग मी पाना घेतला.

प्लगच्या भोकातून अर्धं डिझेल, अर्धं ऑइल ओतलं. आता मुरू द्यायचं. ते आत कुठं जाते, काय करते, काही दिसत नाही. रोज थोडं टाकायचं आणि वाट पाहायची.

६ डिसेंबर

विहारात गेलो. पांढरी साडी, नखांत काळं, घासूनही निघालं नाही. त्रिसरण चालू असताना बाहेर कोण्या ट्रॅक्टरनं ब्रेक मारला. यांनी माझा हात धरला. प्लास्टरच्या हातानं. आजूबाजूला कोणाला कळलं नाही.

मला वाटायचं भीती फक्त मलाच आहे.

९ डिसेंबर

हे आज भंडाऱ्याला गेले, हाताचा फोटो काढायला. जाताना सांगून गेले, "टाकी रिकामी करून ठेव. पुढं गरम पानी लागन, पेट्रोल जवळ नको."

पाइप काढून कॅनमध्ये पेट्रोल सोडलं. थोडं बोटांवर आलं. पुसायला गेली तर पुसण्यासारखं काही नव्हतंच, बोटं कोरडी. मी तशीच बसली. ऑइल असतं तर चिकट लागलं असतं.

मग वाटलं, मला काय कळते. वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, त्यावर थेंब टाकला. उडून गेला. भज्यांचा कागद कसा पारदर्शक होतो तसा डाग राहायला पाहिजे. नाही राहिला. अगदी कडेला पुसटसं काही, ते टाकीत आधीचं उरलेलं असेल. मग वाटीत तेच पेट्रोल घेतलं, इंजिनात टाकायला आणलेल्या ऑइलचे थेंब त्यात मिसळले आणि बाजूला टाकून पाहिलं. डाग राहिला. मोठा, स्पष्ट दिसणारा.

म्हणजे ऑइल टाकलं नव्हतं.

दोन्ही कागद चुलीत घातले. कॅन झाकण लावून मागच्या बाजूला, मोरीजवळ नेऊन ठेवला.

आता काय करू? सांगितलं तर हे स्वतःला... मी ओळखते यांना. ट्रकचा बंपर यांनीही पाहिला आहे. आणि नाही सांगितलं तर नसलेलं कारण शोधत राहतील. इंजिन उघडून काय सापडणार आहे?

हे संध्याकाळी आले. "टाकी केली रिकामी?" हो म्हटलं. "कसं होतं पेट्रोल?" मी म्हटलं, कसं म्हणजे, पेट्रोलसारखं. यांनी जास्त विचारलं नाही.

११ डिसेंबर

मामाजी मित्राला घेऊन बसनं आले. पोरगी वाळून गेली आहे तापानं. बापाच्या प्लास्टरवर पेननं फूल काढून दिलं.

मामाजी गाडीजवळ गेले. हँडल धरलं, वाकून खालून पाहिलं. मी चहा घेऊन उभी. मग म्हणाले, "मिलिंद, ऑइल टाकलं होतं का गा?"

"हो बाबा. वंदनानं पाह्यलं."

मामाजी माझ्याकडे पाहत राहिले. मास्तरांची नजर. शाळेत पोरांची अशीच जिरत असेल. मी कप खाली ठेवला.

"टाकलं असन तं मंग ठीक," म्हणाले. मग हँडल सोडून, "लोखंड आहे बाप्पा. तुमी दोघं वाचले ना. नाही चालू झाली तं राहू दे."

हे म्हणाले, "चालू कराचीच आहे."

मामाजी दुपारच्या बसनं परत गेले. निघताना मला म्हणाले, "त्याच्यावर ध्यान ठेव बाई. तो बोलत नाही, तवा भेवाचं." मी मान हलवली. त्यांना कळलं आहे का? बसच्या धुळीत उभी राहून हाच विचार.

१४ डिसेंबर

नऊ दिवस मुरवून काही फरक नाही. गिअर टाकून मागचं चाक ढकललं, तसूभर हललं नाही.

आज सायलेन्सर आणि हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, काढायला घेतलं. सायलेन्सरचा मोठा नट इतक्या वर्षांत तिथंच रुजला होता. रॉकेल लावून ठेवलं, गरम फडकं गुंडाळलं, पान्याला लोखंडी पाइप घातला आणि पाइपावर मी अख्खी लोंबली. हे मागून म्हणत, "झटका नको देऊ. दम धरून दाब. चुडी, नटाचे आटे, गेले तं गेले." मला वाटत होतं आता तुटेल, आता तुटेल. आधी एक किर्र आवाज आला. आम्ही दोघंही मागे सरकलो. नट ढिला झाला होता, एवढंच. त्या आवाजानं यांच्या कपाळावर घाम.

हेड निघालं. आत पाहिलं. पिस्टनचं काळं डोकं अर्ध्यात थांबलेलं, आणि वरच्या बाजूला ब्लॉकच्या भिंतीवर चकाकणारा ओरखडा.

हे ओरखड्याकडे पाहत राहिले. मी यांच्याकडे.

१६ डिसेंबर

हे प्लांटातून ब्लो लॅम्प मागवायचं म्हणत होते, ब्लॉकला ज्योत द्यायला. मी म्हटलं, सगळं डिझेल-ऑइलनं माखलं आहे, घरात लेकरू आहे, आग आणायची नाही. पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. हे म्हणाले, "बरं. गरम पान्यानं करू."

मित्रा विचारत होती, "गाडीले का झालं आई?" म्हटलं, झोपली आहे. "मंग तुमी तिले मारून कायले राहिले?"

१८ डिसेंबर

सुटला.

सकाळी मित्राला शेजारी ठेवलं. चुलीवर मोठं गंज-पातेलं भरून पाणी उकळलं. ब्लॉकला बाहेरून पोत्याचं फडकं गुंडाळलं आणि त्यावर पाणी ओतत राहिली. हे सांगत होते, "ब्लॉक गरम झाला पायजे, पिस्टन नाही. आत नको जाऊ देऊ." ब्लॉक फुगला की पिस्टन सोडतो म्हणे. गाडी मेन स्टँडवर, गिअरमध्ये. मी मागचं चाक दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे, हे डाव्या हातानं पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून... ठोकळा कोण धरणार? मीच चाकाला गुडघा टेकवून एक हात तिकडे. कसरत नुसती. काही होईना. पाणी थंड व्हायचं, पुन्हा उकळायचं. माझी साडी भिजली, आंगणात चिखल.

शेवटी हे म्हणाले, तू फक्त चाक धर. ठोकळा प्लास्टरच्या कोपऱ्यानं दाबून धरला आणि हातोडी मारली. डॉक्टरनं पाहिलं असतं तर.

एकदम टक. चाक माझ्या हातातून सुटून फिरलं आणि माझं बोट स्पोकमधून खालच्या पट्टीत सापडलं. मला दुखलं नंतर. आधी फक्त इतकंच कळलं की चाक फिरलं, आपोआप, आणि मी किंचाळली. गाडी चालू झाली असंच वाटलं मला. हेड नाही, टाकी रिकामी, तरी.

यांनी हातोडी फेकली. "हात पाहू. हात पाहू वंदना." नख काळं झालं, हाड बरं आहे. आम्ही दोघं चिखलातच बसलो.

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय झालं वं?" मी म्हटलं, काही नाही, सुटलं.

१९ डिसेंबर

ब्लॉक वर ओढून काढला. पिस्टन दिसला. एका बाजूनं खरवडल्यासारखा, अॅल्युमिनियम वितळून फासलं गेलेलं, रिंगा खाचेत गाडलेल्या. हातात मावतो एवढा. यानं आम्हाला रस्त्यावर पाडलं.

हे त्यावर अंगठा फिरवत बसले. मग कार्बोरेटर काढायला सांगितला. तिथल्या जोडात बसवलेलं गॅस्केट वाळून एका बाजूला चिरलं होतं.

"हे पाह्य. हे पाह्य. इकडून हवा घेऊन राहिली होती. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हनून गरम झालं." कितीतरी दिवसांनी सलग एवढं बोलले. "ऑइल होतंच. तू पाह्यलं होतं. हेच कारन आहे."

गॅस्केट जुनं आहे, चिरलं असेल कधीचंही. मी म्हटलं, असेल.

यांनी आज पोटभर जेवण केलं. आणि मी सांगणार होती, ते राहिलं.

२७ डिसेंबर

ब्लॉक भंडाऱ्याला आतून घासून बोअर करायला दिला. पिस्टन नागपूरच्या एका जुन्या दुकानात सापडला, यांचा मित्र घेऊन आला. काम चालू आहे. मला आता पान्यांचे आकार पाहून कळतात. आंगणातून भिंतीला लागून जात नाही, पण गाडीकडे पाठही करत नाही.

५ जानेवारी २०१२

प्लास्टर निघालं. मनगट काडीसारखं झालं आहे, मित्राचं फूल डॉक्टरांनी कापून टाकलं म्हणून ती रुसली.

९ जानेवारी

हे कामावर रुजू झाले आणि दुपारीच परत आले. तोंड उतरलेलं. मी विचारलं, हात दुखला का?

"नाही."

मग जेवताना, खाली पाहत, "शेडमधी लोखंडाची एक पट्टी घासत गेली. रोजच जाते. मी खाली बसून गेलो. कान झाकून. कोनी पाह्यलं नाही." थोड्या वेळानं, "एका पोरानं पाह्यलं."

तिथं क्रेन चालते, तापलेलं लोखंड चालते. तिथं माणूस असा एकाएकी खाली बसला तर? मला जेवण गेलं नाही. रस्त्यावरची भीती निदान रस्त्यावर होती. आता रोज सकाळी डबा देताना.

११ जानेवारी

गेले. आले. काही झालं नाही म्हणतात.

मामाजींचा फोन. "जातो का तो कामावर?" हो म्हटलं. "अन् गाडी?" जोडून होत आली म्हटलं. बरं म्हणाले, फोन ठेवला.

१५ जानेवारी

गाडी जोडली. पेट्रोल नवीन आणलं. त्यात ऑइल यांनी मोजून टाकलं, मला दाखवून. "पाह्यलं?" म्हटलं, पाह्यलं. मग स्वतःच काडी बुडवून कागदावर थेंब टाकला आणि डाग पाहिला.

म्हणजे ही युक्ती यांना माहीत आहे.

किक मारली. बऱ्याच वेळा. मग एक धक्का, आणि धडधड. पांढरा धूर आंगणभर. मित्रा टाळ्या वाजवत नाचली, खोकली, पुन्हा नाचली. मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. भांड्यांच्या आवाजात तो आवाज दबत नव्हता.

यांनी गाडी जागेवरच चालू ठेवली. बसले नाहीत.

१७ जानेवारी

रोज चालू करतात, ऐकतात, बंद करतात. आज स्टँडवरून उतरवून फाटकापर्यंत नेली आणि परत आणली. पायी.

१९ जानेवारी

आज बसलो.

यांची सुट्टी, मित्रा शाळेत. म्हणाले, "मोहाडीच्या रस्त्यानं थोडं जाऊन येतो." मी म्हटलं, मीही येते. का म्हटलं ते मला अजून कळलं नाही. घरी थांबून ऐकत राहण्यापेक्षा मागे बसणं सोपं वाटलं असेल.

हळू गेलो. सायकलवाला पुढे निघून गेला. यांची डाव्या हाताची बोटं सारखी क्लचवर. इंजिन अडकलं तर क्लच दाबला की चाक मोकळं होते, नंदूनं सांगितलं होतं. मी यांचा शर्ट धरून ठेवला होता, दोन्ही मुठींत. आवाज सारखा होता. लाखोळीच्या पिकाचं हिरवं दोन्हीकडे, थंड हवा. मला वाटलं, होतं आहे, जमतं आहे.

नाल्याच्या पुलावर रस्ता थोडा चढतो. तिथं इंजिनचा आवाज जाड झाला. चढावर होतोच. यांनी क्लच दाबला, इंजिन बंद केलं, गाडी तशीच ओघळत कडेला नेली. उतरले आणि पुलाच्या कठड्यावर बसले. तोंडातून श्वासाचा आवाज येत होता.

मी गाडी स्टँडला लावली. किक हातानं दाबून पाहिली. मोकळी होती. काही झालं नव्हतं.

"काही नाही झालं," म्हटलं. "चढ होता."

"हो."

तिथं मला वाटलं, मीच हे केलं. मी ते एक वाक्य बोलली नसती तर हे या गाडीला भ्याले नसते. गाडीचा काही दोष नाही. एका माणसाला मी चांगल्या गाडीची भीती लावून दिली. मी यांच्या बाजूला बसली आणि सांगून टाकलं. यांच्याकडे न पाहता. त्या दिवशी टाकीत ऑइल नव्हतं, मी पेट्रोल पाहिलं, कागदावर पाहिलं, पंपावर मी फोनवर होती, मी काही पाहिलं नव्हतं.

खाली नाल्यात कोणीतरी म्हशी धूत होतं. आम्ही तिकडे पाहत होतो.

"मले माहीत आहे," हे म्हणाले.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"गाडीचे कागद काढाले बाजूचा डब्बा उघडला होता ना, तिथंच, रस्त्यावर. ऑइलची बाटली सीलबंद होती. मी ती शेतात फेकून देली. तू कोपर धरून बसली होती."

"मग नंदूसमोर मला काहून विचारलं?"

"कोनीतरी हो म्हनाले पायजे होतं." नंतर म्हणाले, "तू म्हटलं."

"आणि ते गॅस्केट?"

"चिरलं होतं ना. खोटं थोडी आहे ते."

मला राग आला का? आला असेल. दीड महिना मी एकटी ते ओझं घेऊन फिरत होती आणि हे त्यांचं. एकाच घरात, एकाच गाडीच्या दोन बाजूंना बसून. पण तिथं पुलावर रागासाठी जागा नव्हती. यांचं बारीक झालेलं मनगट गुडघ्यावर होतं.

मी म्हटलं, "मग भेव कशाचं? गाडी तं चांगली आहे."

"गाडीचं नाही वंदना. पाच-पाच वेळा पाहतो मी टाकीत. कामावर वॉल्व्ह बंद केला का ते पाहाले अर्ध्यातून वापस जातो. पोरीले रस्ता पार कराले हात धरतो तं हात धरला का नाही ते पाहतो. एक बाटली ओताची होती. रोजची गोष्ट. अन् मी नाही ओतली, अन् मले आठवत पन नाही का काहून." थांबले. "दुसऱ्या वेळी मागचा ट्रक थांबनार नाही."

नंदूला सांगून दुरुस्त करायची ही गोष्ट नव्हती.

एक माणूस मोटरसायकल थांबवून म्हणाला, "पेट्रोल संपलं का दादा?" हे म्हणाले, "नाही जी. बसलो आहो." तो राजदूतकडे पाहत राहिला. "कोनतं मॉडेल? अजून चालते?" हे म्हणाले, "चालते."

परत येताना मागे बसली. मुठी तशाच.

२० जानेवारी

सकाळी हे मामाजींशी फोनवर बोलत होते. मी आत होती. "बाबा, ऑइल मी टाकलं नव्हतं." इतकंच ऐकू आलं. मग बराच वेळ नुसतं "हो... हो बाबा... हो." पलीकडून काय म्हणाले ते यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोन ठेवून मोरीवर गेले आणि तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

मग म्हणाले, "रविवारी या म्हनतात. गाडी घेऊन." थोडं थांबून, "तू अन् मित्रा बसनं या. मी मागून गाडीनं येतो."

म्हणजे मी बसच्या खिडकीतून कोंढ्याच्या रस्त्यावर मागे पाहत जाणार. नाही तर यांच्या मागे बसून यांच्या बोटांकडे पाहत. मित्राला बसमध्ये कोणाजवळ सोपवू, तेही आलंच. सगळे बसनं गेलो तर गाडी आंगणात, आणि मग ती तिथंच.

दुपारी मित्रा शाळेतून आली. बापानं सांगितलं असेल, आल्याआल्या विचारलं, "आई, आजोबाकडं कायनं जाचं आपन, बसनं का गाडीनं?"

हे दारात उभे होते. दुपारच्या शिफ्टला निघायचं होतं, डबा हातात. माझं उत्तर ऐकायला थांबले होते.

मी म्हटलं, "रविवार तं येऊ दे."